रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताय? कन्फर्म सीटही मिळावी आणि जास्तीचे पैसेही जाऊ नयेत, यासाठी हे नियम माहीत हवेत

गणपतीला कोकणात जायचं असो, दिवाळीत पुण्या-मुंबईहून नागपूर-अमरावतीचं घर गाठायचं असो किंवा मे महिन्यात मुलांना आजोळी न्यायचं असो, अनुभव बहुतेकांचा सारखाच. सकाळी ८ वाजता आरक्षण सुरू होतं आणि समोरचा चहा गार व्हायच्या आत स्क्रीनवर वेटिंग दिसायला लागतं. आणखी थोड्या वेळाने तर 'रिग्रेट', म्हणजे वेटिंगचं तिकीटही मिळणार नाही.

मग धावपळ सुरू होते. कुणी ओळखीचा एजंट शोधतं, कुणी तत्काळच्या भरवशावर राहतं, कुणी 'होईल कन्फर्म' म्हणत १५० नंबरचं वेटिंग काढून ठेवतं. यात पैसे जातात, आणि कधीकधी शेवटी सीटही मिळत नाही.

विमानाच्या तिकिटाची सवय असलेल्यांना वाटतं की रेल्वेतही नेमका दिवस किंवा नेमकी वेळ साधली की तिकीट स्वस्त मिळेल. पण रेल्वेच्या बहुतेक गाड्यांचं भाडं रोज बदलत नाही. दोन महिने आधी काढा किंवा दोन दिवस आधी, जनरल कोट्यातलं स्लीपरचं भाडं तेच राहतं. पैसे वाचतात किंवा वाया जातात ते चार ठिकाणी: कोणती गाडी आणि कोणता वर्ग निवडला, बुकिंग कधी केलं, कोणत्या कोट्यातून केलं आणि रद्द करायची वेळ आली तेव्हा काय केलं.

हे चारही टप्पे एकेक करून समजून घेऊ.

भाडं ठरतं कसं?

रेल्वेच्या भाड्याचा पाया म्हणजे अंतर आणि वर्ग. त्यावर काही ठरलेले आकार लागतात. आरक्षण शुल्क सेकंड सीटिंगला १५ रुपये, स्लीपरला २०, एसी चेअर कार आणि थर्ड एसीला ४०, सेकंड एसीला ५० आणि फर्स्ट एसीला ६० रुपये आहे. गाडी सुपरफास्ट असेल तर सेकंड सीटिंगला १५, स्लीपरला ३०, चेअर कार, थर्ड एसी आणि सेकंड एसीला ४५, तर फर्स्ट एसीला ७५ रुपये अधिभार लागतो. एसी वर्गाच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी असतो.

म्हणजे त्याच मार्गावर साधी एक्सप्रेस आणि सुपरफास्ट अशा दोन गाड्या असतील आणि वेळेत फारसा फरक नसेल, तर साध्या एक्सप्रेसमध्ये चार जणांच्या कुटुंबाचे स्लीपरमागे १२० रुपये सहज वाचतात.

दुसरी गोष्ट, अंतर वाढत जातं तसा किलोमीटरमागचा दर कमी होत जातो. त्यामुळे एकाच गाडीने सलग प्रवास शक्य असेल तर मध्ये तोडून दोन तिकिटं काढणं बहुतेक वेळा महाग पडतं.

कोकण रेल्वेच्या मार्गावर भाडं काढताना प्रत्यक्ष अंतरापेक्षा जास्त किलोमीटर धरले जातात. म्हणूनच तेवढ्याच अंतराच्या दुसऱ्या मार्गापेक्षा कोकणचं तिकीट जास्त वाटतं. यात तिकीट काढणाऱ्याची काही चूक नसते.

२०२५ मध्ये जुलै आणि डिसेंबर अशी दोनदा भाडेवाढ झाली. दोन्ही वेळा मेल-एक्सप्रेस गाड्यांची वाढ किलोमीटरमागे १ ते २ पैसे होती. ५०० किलोमीटरच्या प्रवासात अशा एका वाढीचा फरक ५ ते १० रुपयांचा. त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक गाडी आणि वर्ग निवडताना पडतो.

मुंबई-मडगाव मार्गाचंच बघा. सकाळच्या वेळेत जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारत अशा गाड्या आहेत. जनशताब्दीत सेकंड सीटिंगचा स्वस्त वर्ग मिळतो, वंदे भारतमध्ये फक्त एसी चेअर कार आणि एक्झिक्युटिव्ह. दिवसाचाच प्रवास आहे आणि बसून जायचं आहे, तर सेकंड सीटिंगचा पर्याय आधी तपासायला हवा. रात्रीच्या प्रवासात थर्ड एसी हवा असेल तर त्याच गाडीत 'थर्ड एसी इकॉनॉमी' आहे का, तेही पाहा. २०२१ पासून सुरू झालेल्या या वर्गाचं भाडं नेहमीच्या थर्ड एसीपेक्षा थोडं कमी असतं.

भाडं वाढत जाणाऱ्या गाड्या कोणत्या?

सगळ्या गाड्यांचं भाडं स्थिर नसतं. राजधानी, शताब्दी आणि दुरांतो या गाड्यांना सप्टेंबर २०१६ पासून 'फ्लेक्सी फेअर' लागू आहे. यात दर १० टक्के सीट विकल्या गेल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी वाढतं. ही वाढ एका मर्यादेपर्यंतच होते. फर्स्ट एसी आणि एक्झिक्युटिव्ह वर्गाला ही पद्धत नाही. म्हणजे या गाड्यांत लवकर बुकिंग करणाऱ्याला खरोखरच कमी पैसे पडतात.

वंदे भारतचं भाडं इतर गाड्यांपेक्षा जास्त असलं तरी ते असं टप्प्याटप्प्याने चढत नाही. वंदे भारत, शताब्दी किंवा राजधानीत बुकिंग करताना जेवण नको असा पर्याय निवडता येतो. घरचा डबा सोबत असेल तर तेवढे पैसे वाचतात.

सणासुदीच्या स्पेशल गाड्यांचा हिशोब वेगळा आहे. गाडीच्या पाच आकडी नंबरची सुरुवात ० ने होत असेल तर ती स्पेशल गाडी समजावी. यातल्या अनेक गाड्या 'विशेष शुल्कावर' धावतात. त्यांत मूळ भाड्यावर तत्काळसारखा जादा आकार लागतो. गणपती स्पेशलमध्ये सीट मिळते आहे म्हणून घाईने बुकिंग करण्याआधी नियमित गाडीच्या भाड्याशी तुलना करून पाहावी.

बुकिंग नेमकं कधी उघडतं?

पूर्वी प्रवासाच्या १२० दिवस आधी आरक्षण सुरू व्हायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. यात प्रवासाचा दिवस मोजत नाहीत.

उदाहरणार्थ, १२ सप्टेंबरला सुटणाऱ्या गाडीचं बुकिंग १४ जुलैला सकाळी ८ वाजता उघडतं. जुलै आणि ऑगस्ट हे दोन्ही महिने ३१ दिवसांचे असल्याने 'दोन महिने आधी' असा ढोबळ हिशोब केला तर दोन दिवस आधीच फोन घेऊन बसाल आणि बुकिंग उघडलेलंच नसेल. सणाची तारीख कळली की ६० दिवस मागे मोजून मोबाइलवर रिमाइंडर लावून ठेवणं सोपं.

परतीचं तिकीट विसरू नका. गौरी-गणपती विसर्जनानंतर मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांनाही तितकीच गर्दी असते. परतीची तारीख वेगळी, म्हणून तिचं बुकिंगही वेगळ्या दिवशी उघडतं.

आधार जोडणी का गरजेची झाली?

आयआरसीटीसीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर खातं असलं की कुणीही तिकीट काढू शकतं. पण गर्दीच्या वेळी आता आधार पडताळणी झालेल्या खात्यांना प्राधान्य आहे.

तत्काळ तिकीट ऑनलाइन काढायचं तर १ जुलै २०२५ पासून खातं आधारशी पडताळलेलं असणं आवश्यक आहे. त्याच महिन्याच्या १५ तारखेपासून आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपीही टाकावा लागतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून जनरल बुकिंग उघडतं त्या दिवशी पहिली १५ मिनिटंही अशाच खात्यांसाठी राखीव झाली, आणि नंतर ही वेळ वाढवण्यात आली. थोडक्यात, पडताळणी नसलेलं खातं घेऊन सकाळी ८ वाजता बसण्यात अर्थ उरलेला नाही.

या पडताळणीचा आणखी एक फायदा आहे. साध्या खात्यावरून महिन्याला १२ तिकिटं काढता येतात, आधार जोडलेल्या खात्यावरून २४. एका तिकिटावर जास्तीत जास्त ६ प्रवासी बसतात, तत्काळमध्ये ४.

बुकिंगच्या आदल्या दिवशी एवढं करून ठेवावं:

- खात्याची आधार पडताळणी पूर्ण आहे का आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर सुरू आहे का, ते पाहा.
- 'मास्टर लिस्ट'मध्ये घरातल्या सगळ्यांची नावं, वयं आणि बर्थची पसंती भरून ठेवा. ऐनवेळी टाइप करण्यात जातो तेवढ्या वेळात सीट संपतात.
- पैसे कसे भरणार ते आधी ठरवा. यूपीआय किंवा आयआरसीटीसीचं ई-वॉलेट हे झटपट होणारे पर्याय आहेत.
- एका गाडीवर अडून न राहता दोन-तीन गाड्यांचे नंबर लिहून ठेवा.

पैसे खात्यातून गेले आणि तिकीट दिसत नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी 'बुकिंग हिस्ट्री' तपासा. तिकीट झालं नसेल तर पैसे आपोआप परत येतात. रोज रात्री पावणेबारा ते १२ वाजून २० मिनिटांपर्यंत साइटवर बुकिंग बंद असतं, हेही लक्षात असू द्या.

वेटिंगचे प्रकार सारखे नसतात

'वेटिंग ३०' दिसलं की अनेक जण फक्त आकडा बघतात. पण आकड्याच्या आधीची अक्षरंही तितकीच महत्त्वाची असतात.

जीएनडब्ल्यूएल: ही जनरल वेटिंग लिस्ट. गाडी जिथून सुटते तिथून किंवा त्याच्या जवळच्या स्टेशनांवरून निघणाऱ्यांना ती मिळते. कन्फर्म होण्याची शक्यता यातच सर्वाधिक.

आरएलडब्ल्यूएल: मार्गातल्या काही महत्त्वाच्या स्टेशनांना थोडा वेगळा कोटा दिलेला असतो, त्याची ही वेटिंग लिस्ट. जागा मुळातच कमी, त्यामुळे आकडा लहान असूनही तिकीट अडकू शकतं.

पीक्यूडब्ल्यूएल: अनेक लहान स्टेशनांमध्ये मिळून एकच कोटा वाटलेला असतो, त्याची ही यादी. इथेही शक्यता कमी.

टीक्यूडब्ल्यूएल: तत्काळ कोट्याची वेटिंग लिस्ट. ही सहसा सरकत नाही.

आरएसी: यात प्रवास नक्की करता येतो, पण साइड लोअरची जागा दोघांत वाटून बसावं लागतं. कुणी तिकीट रद्द केलं किंवा आलंच नाही, तर पूर्ण बर्थ मिळते. भाडं मात्र पूर्णच लागतं.

स्क्रीनवर कधीकधी दोन आकडे दिसतात. 'जीएनडब्ल्यूएल ४५ / डब्ल्यूएल १२' याचा अर्थ असा की वेटिंगचा नंबर ४५ पर्यंत गेला, पण मधल्या काळात काहींनी तिकिटं रद्द केल्यामुळे सध्याचं स्थान १२ आहे. पाहायचा तो दुसरा आकडा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, चार्ट लागल्यावरही ई-तिकिटावरचे सगळे प्रवासी वेटिंगवरच राहिले तर ते तिकीट आपोआप रद्द होतं. ते दाखवून आरक्षित डब्यात चढलात तर विनातिकीट प्रवासी धरलं जातं. मग पूर्ण भाडं आणि किमान २५० रुपयांचा दंड भरावा लागू शकतो. 'डब्यात टीसीशी बोलून बघू' या भरवशावर लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघणं धोक्याचं आहे.

स्टेशन बदलून सीट मिळते का?

कधीकधी मिळते. मधल्या स्टेशनावरून आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल दिसत असेल, तर गाडी सुटते त्या स्टेशनापासूनची उपलब्धता तपासा. तिथून सीट असेल तर तिकीट तिथून काढून 'बोर्डिंग स्टेशन' आपलं निवडता येतं. भाडं अर्थातच पूर्ण अंतराचं पडतं, पण तत्काळच्या जादा आकारापेक्षा हा फरक अनेकदा कमी असतो.

यात एक काळजी घ्यायची. बोर्डिंग स्टेशन एकदा बदललं की मूळ स्टेशनावरून चढण्याचा हक्क राहत नाही. आणि ते न बदलताच पुढच्या स्टेशनावर जाऊन चढलात, तर तोवर टीसीने सीट दुसऱ्याला दिलेली असू शकते.

स्वतंत्र कोट्यांकडेही अनेकांचं लक्ष जात नाही. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसमध्ये स्लीपरच्या ६ बर्थ महिलांसाठी राखीव असतात. एकटी महिला किंवा फक्त महिलांचा गट असेल तर वय कितीही असो, 'लेडीज' कोटा निवडून पाहता येतो. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिलांसाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे. आई-वडिलांचं तिकीट काढताना जनरलमध्ये वेटिंग दिसलं तरी हा कोटा तपासायला हवा.

वेटिंगचं तिकीट काढताना 'विकल्प' योजना निवडली, तर आपल्या गाडीत जागा न मिळाल्यास त्याच मार्गावरच्या दुसऱ्या गाडीत जागा मिळू शकते. त्यासाठी जादा पैसे लागत नाहीत, पण भाड्यातला फरक परतही मिळत नाही. चढण्या-उतरण्याचं स्टेशन त्याच शहरातलं दुसरं असू शकतं. पर्यायी गाडीत जागा मिळाल्यावर रद्द केलं, तर ते कन्फर्म तिकीट समजून पैसे कापले जातात.

तत्काळ: कधी आणि किती महाग?

तत्काळ बुकिंग गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं. एसी वर्गाचं सकाळी १० वाजता आणि स्लीपर-सेकंड सीटिंगचं ११ वाजता. पहिली ३० मिनिटं अधिकृत एजंटनाही तत्काळ तिकीट काढता येत नाही.

इथे एका गोष्टीत अनेकांची गफलत होते. 'आदला दिवस' मोजला जातो तो गाडी जिथून निघते त्या स्टेशनाच्या तारखेवरून. हावड्याहून मुंबईला येणारी गीतांजली एक्सप्रेस दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला पोहोचते. तुम्हाला नागपूरहून ३ तारखेला बसायचं असेल, तर ती गाडी हावड्याहून २ तारखेला निघालेली असते आणि तिचं तत्काळ बुकिंग १ तारखेला उघडतं. २ तारखेला सकाळी साइट उघडून बसलात तर उशीर झालेला असतो.

तत्काळचा जादा आकार सेकंड सीटिंगला १० ते १५ रुपये, स्लीपरला १०० ते २००, एसी चेअर कारला १२५ ते २२५, थर्ड एसीला ३०० ते ४०० आणि सेकंड एसीला ४०० ते ५०० रुपये इतका असतो. शिवाय किमान अंतराची अट आहे. स्लीपर आणि थर्ड एसीच्या तत्काळ तिकिटाला किमान ५०० किलोमीटरचं भाडं धरतात. म्हणजे २५० किलोमीटरच्या प्रवासासाठी तत्काळ काढलं तरी पैसे ५०० किलोमीटरचे. कमी अंतरासाठी तत्काळ म्हणूनच फार महाग पडतं. अशा वेळी चेअर कार किंवा सेकंड सीटिंगची गाडी शोधलेली बरी.

कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केल्यास काहीच परत मिळत नाही. 'प्रीमियम तत्काळ'मध्ये तर मागणी वाढेल तसं भाडंही वाढत जातं. पर्याय उरला नसेल तरच तिकडे वळावं, आणि पैसे भरण्याआधी शेवटची रक्कम नीट वाचावी.

एक छोटी पण कामाची सोय म्हणजे, 'कन्फर्म बर्थ मिळाली तरच बुक करा' असा पर्याय बुकिंगच्या पानावर असतो. त्यावर खूण केली की तिकीट चुकून वेटिंगला जात नाही आणि नंतर रद्द करण्याचे पैसेही जात नाहीत.

चार्ट लागल्यावरही संधी असते

पूर्वी गाडी सुटण्याच्या ४ तास आधी पहिला चार्ट लागायचा. २०२५ मध्ये ही वेळ आणखी आधी आणली गेली. सकाळ-दुपारच्या गाड्यांचा चार्ट आता आदल्या संध्याकाळी किंवा रात्रीच लागतो. त्यामुळे वेटिंगवाल्यांना घरातून निघण्याआधीच निर्णय कळतो आणि बसचा किंवा दुसऱ्या गाडीचा विचार करायला वेळ मिळतो.

चार्ट लागल्यावर रिकाम्या राहिलेल्या सीट 'करंट बुकिंग'मध्ये जातात. त्या आयआरसीटीसीवर किंवा स्टेशनवरच्या खिडकीवर मिळतात. यावर तत्काळचा आकार नसतो. उलट, पहिल्या चार्टनंतर उरलेल्या सीटवर मूळ भाड्यात १० टक्के सवलत देण्याचं धोरण रेल्वेने २०१७ पासून राबवलं आहे. कुठल्या डब्यात कुठली बर्थ रिकामी आहे, हे आयआरसीटीसीच्या 'चार्ट / व्हेकन्सी' पानावर दिसतं.

सणाच्या आदल्या दिवशी हा मार्ग फारसा कामाचा नाही. पण एरवी, विशेषतः आठवड्याच्या मधल्या दिवसांत, एकट्याने प्रवास करणाऱ्याला यातून चांगली सीट मिळू शकते.

सवलती कुणाला आहेत?

ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. त्याआधी पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के सूट मिळायची. सोशल मीडियावर ती 'पुन्हा सुरू झाली' अशा पोस्ट फिरत असतात. बुकिंग करताना भाड्यात ती दिसली नाही, तर ती सुरू झालेली नाही असं समजावं. ठराविक प्रकारचे दिव्यांग, ठराविक आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या काही सवलती मात्र सुरू आहेत.

मुलांच्या बाबतीत, ५ वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलासाठी बर्थ घेतली तर पूर्ण भाडं, बर्थ न घेतल्यास स्लीपर आणि एसी शयन वर्गात निम्मं भाडं लागतं. एका रात्रीच्या प्रवासात लहान मूल आईजवळ झोपणार असेल, तर हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

काही सवलती मर्यादित काळापुरत्या येतात. २०२५ च्या दिवाळीत रेल्वेने जाणं आणि येणं एकत्र बुक करणाऱ्यांना परतीच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट दिली होती. पण प्रवासाच्या तारखा ठरलेल्या होत्या आणि तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळणार नव्हते. अशी योजना दिसली की आधी अटी वाचाव्यात.

बुकिंगचे छोटे छोटे आकार

आयआरसीटीसी प्रत्येक तिकिटावर सुविधा शुल्क घेते. यूपीआयने पैसे भरले तर बिगर-एसीसाठी १० आणि एसीसाठी २० रुपये, इतर मार्गांनी भरले तर १५ आणि ३० रुपये. यावर जीएसटी लागतो. म्हणजे एसीचं तिकीट यूपीआयने काढलं तर २३ रुपये ६० पैसे, कार्डाने काढलं तर ३५ रुपये ४० पैसे.

हे शुल्क प्रवाशामागे नसतं, तिकिटामागे असतं. चौघांची चार वेगळी तिकिटं काढली तर ते चार वेळा जातं. आणि तिकीट रद्द केलं तरी ते परत मिळत नाही.

खासगी ॲपवरून तिकीट काढताना त्यांचं स्वतःचं शुल्क वर चढतं. काही ठिकाणी 'फ्री कॅन्सलेशन'सारख्या सेवा आधीच निवडलेल्या असतात. पैसे भरण्याआधी शेवटचा हिशोब उलगडून पाहा आणि नको त्या सेवेवरची खूण काढा.

रद्द करायचं तर लवकर करा

कन्फर्म तिकीट बरंच आधी रद्द केलं तर प्रवाशामागे ठरलेली रक्कम कापली जाते: सेकंड सीटिंगला ६० रुपये, स्लीपरला १२०, थर्ड एसी आणि चेअर कारला १८०, सेकंड एसीला २०० आणि फर्स्ट एसीला २४० रुपये. एसीत त्यावर जीएसटी. गाडी सुटण्याची वेळ जवळ येईल तशी ही कपात भाड्याच्या टक्क्यांत जाते आणि वाढत जाते. चार्ट लागल्यावर कन्फर्म तिकिटाचा परतावा साधारणपणे मिळत नाही. टप्प्यांच्या वेळा रेल्वे अधूनमधून बदलते, म्हणून रद्द करण्याआधी दिसणारी परताव्याची रक्कम वाचूनच पुढे जावं.

वेटिंगचं तिकीट रद्द केलं किंवा आपोआप रद्द झालं, तरी प्रवाशामागे ६० रुपये आणि जीएसटी कापला जातो. 'कुठलं तरी एक कन्फर्म होईल' म्हणून चौघांच्या कुटुंबाने तीन गाड्यांचं वेटिंग काढून ठेवलं आणि एकही कन्फर्म झालं नाही, तर १२ वेळा ६० म्हणजे ७२० रुपये गेले, सुविधा शुल्क वेगळं.

गाडी ३ तासांपेक्षा जास्त उशिरा धावत असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे मिळू शकतात. त्यासाठी तुमच्या स्टेशनावरून गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी ऑनलाइन टीडीआर भरावा लागतो. हे न केल्यामुळे अनेकांचा हक्काचा परतावा बुडतो.

एजंट आणि फसवणूक

आयआरसीटीसीचे अधिकृत एजंट असतात आणि त्यांना बिगर-एसी तिकिटामागे २०, एसी तिकिटामागे ४० रुपये अधिक कर एवढंच शुल्क घेता येतं. कुणी माणशी ५०० रुपये जास्त मागत असेल तर तो गैरव्यवहार आहे. परवान्याशिवाय तिकिटांचा धंदा करणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यात नुकसान प्रवाशाचंही होतं. बनावट खात्यावरून काढलेलं तिकीट कारवाईत रद्द झालं, तर ऐन सणात सीट जाते आणि एजंटला दिलेले पैसेही.

फसवणुकीचा दुसरा प्रकार परताव्याच्या नावाने चालतो. कुणी सोशल मीडियावर तक्रार करताना पीएनआर आणि मोबाइल नंबर जाहीर टाकतं. थोड्या वेळात 'रेल्वेतून बोलतोय' असा फोन येतो, लिंक येते किंवा ओटीपी मागितला जातो. परतावा मिळण्यासाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही. पैसे ज्या खात्यातून गेले, त्याच खात्यात आपोआप येतात. मदतीसाठी रेल्वेचा १३९ हा नंबर आहे.

थोडक्यात, कोणत्या क्रमाने जायचं?

- प्रवास ठरला की ६० दिवस मागे मोजा, जाण्याची आणि येण्याची दोन्ही बुकिंग तारीख लिहून ठेवा.
- त्या दिवशी ८ वाजता आधार पडताळलेल्या खात्यावरून बुकिंग करा.
- जनरलमध्ये वेटिंग असेल तर लेडीज किंवा ज्येष्ठांचा कोटा, दुसरी गाडी, गाडी सुटण्याचं स्टेशन, असं क्रमाने तपासा.
- वेटिंग घ्यायचंच तर जीएनडब्ल्यूएल घ्या आणि एकाच गाडीचं घ्या.
- मग स्पेशल गाडी, मग तत्काळ, आणि शेवटी प्रीमियम तत्काळ.
- प्रवास होणार नाही असं कळलं की त्याच दिवशी तिकीट रद्द करा. तुमचे पैसे वाचतील आणि वेटिंगवरच्या कुणाला तरी ती सीट मिळेल.